एकट्यानं जत्रेला जाताय? या चुका टाळा

चैत्र लागला की पुण्याच्या आसपास गावोगावच्या जत्रा सुरू होतात. एकट्यानं जायला काहीच हरकत नाही. फक्त सोबतचा माणूस न सांगता तीन कामं करत असतो: पिशवी धरतो, "तोंड उतरलंय तुझं, सावलीत बस" म्हणतो आणि "चल, निघू आता" म्हणून ओढून आणतो. एकट्यांच्या बहुतेक चुका या तीन कामांपाशीच होतात.

नुसती तारीख विचारून निघणं

गावची जत्रा तिथीवर ठरते आणि बहुधा दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी पहाटे अभिषेक, मग मांडवडहाळे (देवाच्या मांडवासाठी हिरव्या डहाळ्यांची मिरवणूक), रात्री छबिना (देवाच्या पालखीची मिरवणूक) आणि तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी (दिवसाचा छोटा खेळ), दुपारनंतर कुस्त्या. कुस्त्यांच्या ओढीनं पहिल्याच दुपारी पोचलात, तर पाळणे आणि रेवड्या बघून परतावं लागेल. म्हणून तिथी नव्हे, कार्यक्रमपत्रिका मागा.

हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड (मानकऱ्याला वर चढवून नेणाऱ्या लाकडी गाड्याची मिरवणूक) चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला असतं. त्या दिवशी वाहतूक वळवतात, त्यामुळे नेहमीच्या बसथांब्यावर विसंबू नका. कार्ल्याच्या एकवीरेला लोकलनं जाणार असाल तर मळवलीला उतरायचं. पण दुपारी लोकल विरळ असतात. परतीची वेळ जातानाच बघून ठेवा.

तहान लागेपर्यंत थांबणं

उन्हाचा त्रास डोक्यात चढला की आपल्याला काही होतंय हेच कळेनासं होतं. ते आधी दुसऱ्याला दिसतं, आणि इथे दुसरं कुणी नाही. त्यामुळे शरीरावर नाही, घड्याळावर भरवसा ठेवा. दर अर्ध्या तासाला गजर लावा आणि एक ग्लास पाणी प्या. एक लिटरच्या दोन बाटल्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. मोठी पुडी पूर्ण एक लिटरला असते, छोटी 200 मिलीला. अंदाजानं अर्धी ओतली की क्षारांचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. उसाचा रस बिनबर्फाचा मागा.

चक्कर, मळमळ, पायात गोळे ही पहिली खूण. लगेच सावलीत बसा आणि शेजारच्या दुकानदाराला स्पष्ट सांगा, "मला बरं वाटत नाही, मी एकटा आहे." संकोच इथेच महागात पडतो. शब्द अडखळायला लागले, तोल जाऊ लागला तर 108 ला फोन करायला त्यालाच सांगा.

गर्दीच्या मधोमध शिरणं

25 जानेवारी 2005 ला वाईजवळच्या मांढरदेवीला चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. देवळाच्या पायऱ्या आणि अरुंद बोळ यांची धास्ती म्हणूनच ठेवा. दोन्ही खांदे अनोळखी माणसांना सतत टेकायला लागले, की ती निघायची वेळ. गर्दी ढकलते तेव्हा तिच्या विरुद्ध जायचं नाही. हात कोपरात दुमडून छातीपुढे धरायचे आणि लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरकायचं. चप्पल सुटली, फोन पडला तरी वाकायचं नाही.

बैलगाडा शर्यतीत माणसं घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीच्या, वरच्या टोकाला उभी राहतात, कारण शेवट तिथून छान दिसतो. नेमकी तीच जागा वाईट. निशाण पडलं तरी बैल थांबत नाहीत आणि गाड्यावर आवरायला बहुधा कुणी नसतं. बारी (गाड्याची धाव) बघायची तर उंचवट्यावर, कठड्याच्या मागं.

सगळं फोनवर सोडणं

गर्दीत टॉवर दमतो. यूपीआय अडकतं, फोन लागत नाही. एसएमएस मात्र पुष्कळदा जातो. 10, 20 आणि 50 च्या नोटांत चारपाचशे रुपये ठेवा, तेही दोन खिशांत. दोन फोननंबर कागदावर लिहून घ्या, कारण फोन गेला की कळतं, नंबर कुणाचाच पाठ नाही. घरी आधीच सांगा: "आठपर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर."

दुचाकी शेतातल्या पार्किंगच्या तोंडाशी, तोंड बाहेर करून लावा. आत लावलीत तर छबिना संपेपर्यंत अडकलात. गाडी लावल्या जागेचा दिवसाच फोटो काढा आणि त्यात झाड किंवा विजेचा खांब येऊ द्या. अंधारात सगळी ढेकळं सारखीच.

राहता राहिला पंगतीचा संकोच. "कुणाकडं आलात?" हा प्रश्न हमखास येतो, पण ती चौकशी असते, उलटतपासणी नव्हे. "जत्रा बघायला आलोय" पुरतं. लगेच कुणीतरी सरकून जागा देतं. बाई एकटी असेल आणि रात्रीच्या तमाशाला प्रेक्षकांत बायका दिसत नसतील, तर सकाळची हजेरी बघावी. छोटी असते, उजेडात होते आणि परतीची बसही मिळते.