पाण्याच्या उतारावरून: लँडस्केप आर्किटेक्चर शिकू पाहणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडची काही मुलेमुली आपल्या पालकांसह माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: बागेची आवड आहे, तर लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे इमारतींबाहेरच्या मोकळ्या जागांची रचना, शिकावे का? आवड असणे चांगलेच. मात्र या व्यवसायात फुलझाडांचा विषय बऱ्याच उशिरा येतो, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगतो. त्याआधी जमिनीचा उतार, मातीचा पोत, पावसाच्या पाण्याची वाट, उन्हाची दिशा आणि माणसांची ये-जा या गोष्टी समजून घ्याव्या लागतात, आणि त्या समजल्यावर झाड कुठे लावायचे हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

माझे गाव पांझरेच्या काठचे. या खोऱ्यात फड पद्धतीने सिंचन होत आले आहे, ते काही शतकांपासून. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्याच्या बाजूने कालवा काढायचा, कालव्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, एका फडात त्या हंगामात एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने सर्वांना पाणी द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. पंप कुठेही नाही. सारे पाणी केवळ उतारावर चालते आणि जास्तीचे सांडव्यावरून पुन्हा नदीला मिळते. आमचे आजोबा पाटकरी होते. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकत असताना सुटीत घरी आलो आणि एका काल्पनिक उद्यानाचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला. रंगवलेली झाडे त्यांनी पाहिली, नकाशावर बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, ‘पहिले पानी कथाईन येस आनि कथा जास ते देख.’ (आधी पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते बघ.) मी त्या नकाशावर एकही समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, काढली नव्हती. पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात प्राध्यापकांनी जे तीन महिने शिकवले, त्याचा गाभा त्या एका वाक्यात होता.

शिक्षणाचा रस्ता थोडक्यात सांगतो. भारतात सामान्यतः आधी पाच वर्षांची बी.आर्क. ही वास्तुकलेची पदवी घ्यावी लागते आणि तिच्या प्रवेशासाठी नाटासारखी अभिक्षमता परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर लँडस्केपचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये तो 1972 पासून आहे. अमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आणि पुण्यातही ही सोय आहे. शुल्क, जागा आणि पात्रता दरवर्षी बदलू शकतात, म्हणून ते त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकातच पाहावे.

तत्त्वांपैकी पहिले तत्त्व उताराचे. फरसबंदीला निदान शंभरास एक (शंभर मीटरला एक मीटर) इतका उतार नसेल तर पाणी साचते. चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प बारास एकपेक्षा चढा असेल तर तो वापरता येत नाही. उघड्यावरच्या पायरीत राइझरची (पायरीच्या उंचीची) दुप्पट आणि ट्रेडची (पाऊल ठेवायच्या भागाची) रुंदी यांची बेरीज साधारण 63 सेंटिमीटर आली की पाऊल सहज पडते. हे आकडे पाठ होतातच, पण ते अंगवळणी पडायला हवेत. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून आपल्याच अंगणाच्या लेव्हल काढाव्यात. एक जण नळीचे टोक उंबऱ्याशी धरतो, दुसरा फाटकापाशी उभा राहतो, दोन्हीकडचे पाणी स्थिर झाले की पट्टीने फरक मोजायचा. सपाट वाटणारे अंगण दहा मीटरांत हातभर उतरलेले असते, हे एकदा स्वतः मोजून पाहिले की जमिनीकडे पाहण्याची नजरच बदलते.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे उदाहरण सगळीकडे शिकवले जाते. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा 1858 मध्ये निवडला गेला. विद्यार्थी त्यातील हिरवळ आणि तलाव लक्षात ठेवतात. मला मात्र त्यातल्या दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. दलदलीच्या त्या जागेचा निचरा होण्यासाठी जमिनीखाली नळ टाकले गेले, आणि शहराची आडवी वाहतूक उद्यानाच्या पातळीखालून खोलगट रस्त्यांनी नेल्यामुळे चालणाऱ्यांना गाड्या आडव्या येत नाहीत. आज जे निसर्गासारखे दिसते, त्याच्या तळाशी असे काटेकोर स्थापत्य आहे. आपल्याकडे लँडस्केप आर्किटेक्ट मोहम्मद शाहीर यांचे दिल्लीतील सुंदर नर्सरी या उद्यानाचे काम अवश्य पाहावे. जुन्या स्मारकांभोवती वाटा, पाणी आणि सावली कशी बांधली आहे, हे तिथे चालतानाच कळते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण नव्याने येणाऱ्यांना तिचा उपयोग होईल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जळगावजवळच्या एका शैक्षणिक संस्थेच्या आवाराचे काम आमच्या कार्यालयाकडे आले आणि त्याचा आराखडा माझ्याकडे होता. मी मधोमध 2,000 चौरस मीटरची हिरवळ आखली आणि तिच्या कडेने सिमेंटच्या ब्लॉकची वाट. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, हे गणित मला येत होते. उन्हाळ्यात हिरवळीला रोज सहा मिलिमीटर पाणी धरले तरी बारा हजार लिटर, म्हणजे रोज एक मोठा टँकर लागेल, हा हिशेब मात्र मी कागदावर मांडलाच नाही. मार्च उलटल्यावर विहीर आटली आणि एप्रिलअखेर हिरवळ जळाली. वाटेचे दुखणे वेगळे होते. खालची खोल काळी माती पावसात फुगली आणि उन्हात आकसली, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर ब्लॉक लाटेसारखे उंचसखल झाले. मे महिन्यात तिथे गेलो तेव्हा भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. ती माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरणे, तो थराथराने पाणी मारून दाबणे आणि वाटेच्या कडेने चर काढणे, हे सुरुवातीलाच करायला हवे होते. ते सगळे पुन्हा करावे लागले आणि खर्च संस्थेवर पडला, याची मला अजूनही खंत आहे.

तेव्हापासून कोणत्याही जागेवर मी पहिल्या दिवशी कुदळ घेऊन जातो. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरायचा, ते जिरले की पुन्हा भरायचा आणि दर तासाला पाणी किती उतरले ते मोजायचे. मुरमाड जागेत खड्डा बघता बघता कोरडा होतो. काळ्या मातीत सकाळी भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत दिसते. तापीकाठच्या गाळाच्या मळईत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या खडकाळ उतारावर एकच आराखडा चालत नाही, हे या एका खड्ड्यातून समजते. 1960च्या दशकात लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्ग यांनी माती, उतार, पाणी आणि वनस्पती यांचे वेगवेगळे नकाशे एकावर एक ठेवून जागा वाचण्याची पद्धत रूढ केली. ती आज संगणकावर केली जाते, पण पहिल्यांदा ट्रेसिंग पेपरवर हाताने करावी. मी पांझरेच्या चार किलोमीटर काठाचे असे पाच कागद तयार केले होते, आणि ते एकत्र धरल्यावर बांधकाम कुठे होऊच नये ते आपोआप उमटले.

उन्हाचा अभ्यास खान्देशात कोणीही टाळू नये. जळगाव साधारण 21 अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरात भर दुपारी दहा मीटर उंच झाडाची सावली उत्तरेला जवळजवळ दहा मीटर पडते, तर जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो आणि सावली बुंध्यापाशीच राहते. खरा त्रास दुपारी तीननंतरच्या पश्चिमेच्या उन्हाचा. भुसावळ-जळगावात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा बाकडे झाडाच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला, यावर ते वापरले जाईल की ओस पडेल हे ठरते. म्हणून झाडाची जागा आधी आणि बाकड्याची नंतर, असा क्रम मी ठेवतो.

झाडांबद्दल माझे मत ठाम आहे. नर्सरीत रांगेने जे उभे असते ते उचलण्याआधी सातपुड्याच्या पायथ्याने दोन दिवस चालावे. अंजन, धावडा, सालई, पळस आणि बहावा ही झाडे कमी पावसात, उघड्या खडकावर कशी उभी राहतात ते पाहावे. अंजनाची पाने दोन दळांची, फुलपाखराच्या पंखांसारखी, आणि कोवळी असताना तांबूस असतात. ती एकदा ओळखली की विसरत नाहीत. सावलीसाठी निंब, करंज आणि चिंच. खोल मातीत वड-पिंपळ, पण इमारतीपासून पुरेसे लांब. प्रत्येक झाडाच्या नावापुढे त्याची पूर्ण वाढल्यावरची उंची आणि घेर लिहिण्याची सवय विद्यार्थीदशेतच लावावी, म्हणजे नकाशावर दाट दिसावे म्हणून रोपे कोंबली जात नाहीत.

सॉफ्टवेअर शिकावेच लागते, त्यावर अधिक लिहीत नाही. पोर्टफोलिओत (आपल्या कामांच्या संग्रहात) रंगीत चित्रांबरोबर एक तरी पान असे असावे, ज्यावर खऱ्या जागेच्या लेव्हल, मातीची चाचणी आणि पाण्याचा हिशेब आहे. मुलाखतीला बसल्यावर मी ते पान आधी शोधतो.

लागवड मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर करावी आणि देखभालीचा करार निदान दोन उन्हाळ्यांचा असावा. माझ्या आराखड्याच्या शेवटच्या पानावर आता एक तक्ता असतो: कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाला किती लिटर पाणी, ते कोणत्या टाकीतून, आणि ते घालणाऱ्या माळ्याचे नाव. ते नाव ठरल्याशिवाय मी रोपांची मागणी नोंदवत नाही.