कलालाऊ ट्रेल: पाठीवर बिऱ्हाड घेऊन कसा करावा

हवाईतल्या कौआई बेटाच्या वायव्येला नापाली किनारा आहे. हिरवे कडे सरळ समुद्रात उतरलेले, गाडीरस्ता नाहीच. के-ए बीचपासून कलालाऊ बीचपर्यंत जाते ती फक्त पायवाट: एका बाजूने 11 मैल, म्हणजे साधारण 18 किलोमीटर, आणि वाटेत पाच दऱ्या. फोटो बघावेत तर सगळे सातव्या मैलाजवळच्या अरुंद कड्याचे. भीती तिथली वाटते, पण माणसं अडकतात आणि बुडतात ती पाण्यात. त्यामुळे सगळी आखणी ओढ्यांच्या हिशेबाने करायची.

1. आधी परमिट

हनाकापिआई दरीच्या पुढे जायचं तर मुक्कामाचं परमिट लागतंच, मग तुम्ही तिथे झोपा वा न झोपा. ते 90 दिवस आधी ऑनलाइन खुलं होतं आणि उन्हाळ्याच्या तारखा हातोहात जातात. बाहेरच्यांना माणशी, दर रात्री 35 डॉलर. जास्तीत जास्त पाच रात्री. पार्किंगचं आरक्षण वेगळं असतं आणि रात्रभराच्या जागा मोजक्याच, म्हणून शटल बरी. मे ते सप्टेंबर हा काळ निवडा. हिवाळ्यात पाऊसही जास्त आणि उत्तरेकडून येणाऱ्या लाटाही राक्षसी.

2. सॅक

हलकी. चढउतार अखंड आहे आणि वजनाने तोल जातो. रात्री उबदार असतात, स्लीपिंग बॅगऐवजी पातळ चादर चालते. तंबू मात्र पावसात टिकणारा हवा. चांगल्या पकडीचे बूट, दोन ट्रेकिंग पोल, कपडे आणि झोपायचं सामान प्लॅस्टिकमध्ये बांधून. गॅसचं कॅनिस्टर विमानात नेता येत नाही, ते बेटावरच घ्या. जेवण ठरल्यापेक्षा एक दिवस जास्तीचं. का, ते पुढे येईलच.

पाणी वाहून न्यायची गरज नाही, ओढे भरपूर आहेत. पण त्यांत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. हे जंतू इतके बारीक की साध्या फिल्टरमधूनही निसटतात. उकळलेलंच प्या. पायाला जखम असेल तर ओढ्यात डुंबत बसू नका.

3. पहिला ओढा

उजाडताच निघा. 3.2 किलोमीटरवर हनाकापिआईचा ओढा लागतो, आणि इथे पूल नाही. किनाऱ्यावर ऊन असतं तेव्हाच वर डोंगरात पाऊस कोसळत असतो, आणि घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेला लागतं. एप्रिल 2018 मध्ये याच किनाऱ्याजवळ वाइपा इथे 24 तासांत 49.69 इंच पाऊस पडला होता. त्यानंतर ही वाट वर्षाहून अधिक काळ बंद राहिली.

उतरण्याआधी काठावर दोन मिनिटं उभं राहून पाहा. पाणी गढूळ होतंय, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येताहेत, आवाज वाढलाय: यातलं एकही दिसलं तर थांबा. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचं असेल तरी थांबा. बहुतेक वेळा काही तासांत ओसरतं. ओलांडताना सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडलेला असावा, म्हणजे पाय सुटलाच तर सॅक टाकून देता येते. तोंड पाणी येतं त्या वरच्या बाजूला, पोल रोवलेले, आणि एका वेळी एकच पाय उचलायचा.

शेजारच्या बीचवर पोहायचा मोह टाळा. जीवरक्षक नाहीत आणि ओढ खोल समुद्रात नेते.

4. हनाकोआ आणि कडा

पुढचा चढ सुमारे 800 फुटांचा, नागमोडी आणि दमवणारा. सुरुवातीपासून 6 मैलांवर हनाकोआ दरी. एका दमात सगळं अंतर काटायची हौस मला पटत नाही. दुपार झाली असेल तर इथेच तंबू टाका. इथे आणि कलालाऊलाच मुक्कामाला परवानगी आहे.

सातव्या मैलाजवळच्या कड्याचा ट्रॅव्हर्स, म्हणजे कड्यावरून आडवं जाणं, सकाळच्या कोरड्या वाटेवर करा. वाट अरुंद आहे, पण पाय मावतो. नजर पावलांवर, समोरून कोणी आलं तर डोंगराच्या बाजूला थांबून वाट द्या, फोटो नंतर. ओली असेल किंवा वारा सुटला असेल तर सरळ परत फिरा. वर रानबकऱ्या दिसल्या तर रेंगाळू नका, त्यांच्या खुरांनी दगड सुटतात.

5. कलालाऊ

शेवटी लाल मातीचा घसारा उतरून आणखी एक ओढा पार केला की बीच. तंबू कड्याच्या थेट पायथ्याशी नको, दगड पडतात. पाणी बीचच्या पश्चिम टोकाच्या धबधब्याचं, तेही उकळूनच.

6. परतीचा दिवस

वाट तीच, ओढेही तेच. रात्री पाऊस झाला तर सकाळी हनाकापिआई अडवणार, आणि जास्तीच्या जेवणाचा उपयोग तेव्हा होतो. परतीचं विमान त्याच दिवसाचं काढू नका. पाण्याच्या अलीकडे उभं राहून घड्याळ बघणारा माणूस हमखास चुकीच्या वेळी पाय टाकतो.