‘अ लेटर टू थ्री वाइव्ज’ कसा पाहावा

जोसेफ एल. मँकिविट्झ यांना दिग्दर्शन आणि पटकथा असे दोन ऑस्कर मिळवून देणारा ‘अ लेटर टू थ्री वाइव्ज’ (१९४९) पाहायला बसण्यापूर्वी त्याचा शेवट कोठेही वाचू नये. मुलांच्या सहलीसाठी बोटीवर चढणाऱ्या तीन मैत्रिणींना अ‍ॅडी रॉस या परिचित स्त्रीचे पत्र मिळते. तुमच्यापैकी एकीच्या नवऱ्याला घेऊन मी गाव सोडले आहे, असे ती कळवते; मात्र कोणाच्या, ते सांगत नाही. बोट सुटते, काठावरचा टेलिफोन मागे राहतो आणि तिघींना दिवसभर आपापला संसार आठवत बसण्याखेरीज काही करता येत नाही.

‘कोण गेला?’ या प्रश्नात फार अडकू नये. तो माझाच नवरा असेल, असे हिला का वाटते, हे प्रत्येकीच्या आठवणीत शोधावे. शेतावर वाढलेली डेबोरा नवऱ्याच्या प्रतिष्ठित मित्रमंडळात अवघडलेली असते. रेडिओसाठी लिहिणारी रीटा वरिष्ठांच्या सरबराईत शिक्षक नवऱ्याचा वाढदिवस विसरते, आणि नेमकी त्याच दिवशी अ‍ॅडीने त्याला ब्राम्स या संगीतकाराची ध्वनिमुद्रिका पाठवलेली असते. माझ्या मते चित्रपटातील सर्वांत नेमका घाव हाच. लोरा मेची कथा सर्वांत सावकाश पाहावी. रेल्वेरुळांलगतच्या, गाडी जाताच हादरणाऱ्या घरातून ती श्रीमंत पोर्टरच्या संसारात येते, पण त्याने आपल्याला केवळ विकत घेतले असे तिला वाटते, तर तिने पैशासाठीच लग्न केले असे त्याला. प्रेम असूनही दोघे ते एकमेकांना सांगत नाहीत.

दुसऱ्यांदा पाहताना कान उघडे ठेवावेत. अ‍ॅडीचा चेहरा कधीच दिसत नाही; ऐकू येतो तो सेलेस्ट होम यांचा आवाज, ज्याचे श्रेय नामावलीत दिलेले नाही. अ‍ॅडीच्या अभिरुचीची स्तुती कोणता पुरुष केव्हा करतो आणि त्या वेळी त्याची पत्नी काय करते, हे टिपावे, कारण या न दिसणाऱ्या स्त्रीची प्रतिमा अशा वाक्यांतूनच घडते. आठवणीत शिरताना भोवतालच्या आवाजांतून शब्द उमटतात, तेथेही थांबून ऐकावे.

क्लबमधल्या अखेरच्या प्रसंगात पोर्टर झालेले पॉल डग्लस आणि लोरा मे झालेल्या लिंडा डार्नेल यांच्यावरून नजर हटू देऊ नये. पोर्टर जे सांगतो त्याचा अर्थ, लोरा मेचे उत्तर ऐकल्यानंतरच लावावा.