मिरचीच्या पोटात मिरची: विचित्र फळं आणि घरचा संकर

ढोबळी चिरली की कधी आत फिकट, बुटकी मिरची निघते. कधी एकाच देठाला दोन मिरच्या चिकटून येतात. लगेच 'शेजारच्या लवंगीशी संकर झाला' असं म्हणू नका. फळाची साल, गर आणि तिखट जिथे तयार होतं ती आतली पांढरी शीर, हे सगळं आईचं, म्हणजे फळ धरणाऱ्या झाडाचं. बापाचा, म्हणजे पराग देणाऱ्या झाडाचा, वाटा फक्त बियांत. लवंगीशेजारची ढोबळी यंदा तिखट होत नाही. तिच्या बियांच्या रोपांची फळं मात्र तिखट होऊ शकतात.

म्हणून आधी झाड नीट बघा. पोटातली मिरची म्हणजे बीऐवजी फळासारखीच झालेली वाढ, खुशाल खा. जुळी फळं कळीतच जुळलेल्या फुलांची. थंडीत परागकण कमजोर पडतात, मग बटणाएवढी, जवळजवळ बिनबियांची फळं धरतात. जांभळट डाग थंडी-उन्हाचे, पिकताना बहुधा जातात. पानंही आकसली असतील तर तो चुरडा-मुरडा रोग. त्या झाडाचं बी धरू नका.

सगळ्या झाडाचीच फळं वेगळी असतील तर कारण बियात शोधा. पाकिटावर 'एफ-१' (दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) असेल तर त्या फळांचं बी पुढे नाना तऱ्हा दाखवणारच. एखाद्याच फांदीवर प्रत्येक फळ वेगळं येत असेल, तर मात्र तिला दोरा बांधा. ते खरं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात आपोआप झालेला बदल, असू शकतं. बी धराच, शिवाय फांदीचा छाट लावून बघा, कारण बियातून तो गुण उतरेलच असं नाही.

आता मुद्दाम संकर. ढोबळी आई, ज्वाला हा तिखट वाण बाप धरू.

१. उद्या उमलेल अशी फुगलेली पांढरी कळी सकाळी निवडा. उमललेलं फूल नको, त्यात स्वतःचे पराग पडलेले असतात.
२. चिमट्याने पाकळ्या आणि पाच-सहा पुंकेसर काढा. मधल्या दांड्याला धक्का नको. सगळं कौशल्य इथेच आहे.
३. ज्वालाच्या ताज्या फुलाची परागाची पूड दांड्याच्या टोकाला लावा.
४. मलमलीची पिशवी बांधा. फळ धरलं की पिशवी काढा, पण देठाला रंगीत दोरा ठेवा.
५. फळ झाडावरच लाल होऊ द्या, बी सावलीत वाळवा.

कडक उन्हाळ्यात फुलं गळतात, तेव्हा हा उद्योग नकोच.

दोन्ही वाण शुद्ध असतील तर पहिली पिढी एकसारखी, आणि तिखटच. तिखटपणा वरचढ असतो. मजा पुढच्या पिढीत. पहिल्या पिढीच्या कळ्यांवर पिशव्या बांधून स्वतःच्याच परागाचं बी धरा आणि निदान बाराएक रोपं लावा, कारण साधारण चौथा हिस्साच बिनतिखट निघतो. चाखताना टोक खाऊन फसू नका, देठाजवळची शीर चाखा.