कापसाचा ससा आणि चिंचोक्यांची बरणी: बालवाडीत नव्याने येणाऱ्या शिक्षिकांसाठी

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी पालक मेळाव्यासाठी वर्गाच्या भिंतीवर आम्ही कापसाचे २८ ससे लावले होते. निळ्या घोटीव कागदावर पांढरे ससे, सगळ्यांचे कान सारख्याच उंचीचे आणि सगळ्यांचे डोळे अगदी सारख्याच जागी. मोठ्या गटातल्या एका मुलाच्या आजी बराच वेळ भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, “बाई, यातला आमच्या नातवाचा कोणता?” कागद उलटून मागचे नाव वाचल्याशिवाय मला ते सांगता आले नाही, कारण कान मी कापले होते, खळ मी लावली होती आणि मुलांनी मी दाखवलेल्या जागी कापूस दाबण्यापलीकडे काहीच केले नव्हते.

त्या गोष्टीला आता सतरा वर्षे झाली. या काळात हाताखाली शिकायला आलेल्या अनेक नव्या शिक्षिकांना मी तीच चूक करताना पाहिले आहे. कृतीतून शिक्षण म्हणजे भिंतीवर लावता येईल अशी वस्तू तयार करणे, असा समज घेऊन आपण वर्गात येतो. प्रत्यक्षात मुलाच्या हाताला काम देऊन आपला हात मागे घेणे हाच या कामाचा अवघड भाग आहे आणि तो कोणत्याही पदविकेच्या वर्गात पुरेसा शिकवला जात नाही.

साहित्य महाग असते, ही नव्या शिक्षिकांची पहिली तक्रार असते. इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले, आणि तिथून पुढे विकसित झालेले लाकडी साहित्य आजही आपल्याकडच्या लहान शाळांना परवडत नाही, हे खरे आहे. मात्र आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. शिंपले, बिया, पाने, खडे, माती असे जे भोवताली फुकट मिळते त्यातून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी साहित्य उभे केले, आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आला आहे. त्यामुळे दुकानातली रंगीत खोकी नाहीत म्हणून वर्ग अडला आहे, असे कुणी सांगितले की मी त्यांना आधी स्वयंपाकघरात एक फेरी मारून यायला सांगते.

सुरुवात ओतण्यापासून करावी. एका ताटलीत दोन फुलपात्रे आणि एक कोरडे फडके, एवढेच साहित्य लागते. पहिला आठवडा राजमा ओतावा, मग तांदूळ, आणि हात बसल्यावर पाणी. पाणी अर्ध्या फुलपात्राहून अधिक नसावे. सरळ काठाचा स्टीलचा पेला मुद्दाम टाळावा, कारण मूल घाबरून अगदी हळू कलंडवते आणि हळू ओतलेले पाणी सरळ काठावरून धार न धरता पेल्याच्या बाहेरच्या अंगाने ओघळते. फुलपात्राची कड बाहेर वळलेली असल्याने धार लवकर सुटते. दाखवताना मुलाच्या समोर न बसता शेजारी बसावे, कारण समोरून त्याला सगळे उलटे दिसते. आणि दाखवत असताना बोलू नये. आपण बोलू लागलो की मूल हाताकडे बघायचे सोडून आपल्या तोंडाकडे बघू लागते.

लहान गटातली एक साडेतीन वर्षांची मुलगी पहिल्यांदा पाणी ओतायला बसली तो दिवस मी वहीत तपशिलाने टिपून ठेवला आहे. तिने फुलपात्र दोन्ही हातांनी धरले, कलंडवले आणि निम्मे पाणी ताटलीत गेले. तिने फडक्याने ताटली पुसली, फडके तिथेच पिळले आणि पुन्हा ओतायला घेतले. चौथ्या वेळी मी नकळत हात पुढे केला होता. आमच्या मदतनीस मावशींनी मला डोळ्यांनीच थांबवले. नवव्या वेळी तिने एक हात सोडून फुलपात्राच्या तळाला लावला, थोडे वेगाने कलंडवले आणि धार नेमकी पडली. त्यानंतर ती थांबली नाही, आणखी पाच वेळा तिने तेच केले. मध्ये माझ्याकडे एकदाही पाहिले नाही, म्हणून मीही शाबासकी दिली नाही. दर मिनिटाला “छान, छान” म्हणण्याची सवय आपल्याला असते, आणि त्या शब्दाने मुलाचे लक्ष कामावरून उठून आपल्यावर येते, हे मला त्या दिवशी पटले.

आता धोक्यांविषयी, कारण हे कुणी आधी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात धान्य निवडण्याची ताटली मांडलेली असताना एका मुलाने हरभरा नाकात घातला. मी दाराशी एका पालकांशी बोलत उभी होते, म्हणजे चूक सर्वस्वी माझी होती. घाबरून मी चिमट्याने तो काढायला गेले आणि तो आणखी आत सरकला. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी काढला. धान्याचा दाणा ओलाव्याने फुगतो, म्हणून नाकात पाणी घालू नये, ओढाओढ करू नये आणि वेळही दवडू नये, सरळ डॉक्टरांकडे जावे. तेव्हापासून लहान गटात मी बारीक दाणे फक्त माझ्या समोरच्या बसकरावर, एका वेळी दोनच मुलांना देते. आणखी एक गोष्ट: मातीच्या बैलाला किंवा सशाला डोळे म्हणून गुंजा लावण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. गुंजेची बी विषारी असते आणि चावली गेली तर जिवावर बेतू शकते. एरंडाच्या बियांचेही तेच. निसर्गकोपऱ्यासाठी पालक हौसेने बिया पाठवतात, त्या डबा उघडून स्वतः पाहिल्याशिवाय मांडणीवर ठेवू नयेत.

मोजण्याच्या बाबतीत नवी शिक्षिका हमखास फसते. मूल एकपासून वीसपर्यंत घडाघडा म्हणते, आई कौतुकाने ऐकवते आणि आपण समजतो की त्याला वीसपर्यंत येते. त्याच मुलासमोर सहा चिंचोके ठेवून किती आहेत ते विचारा. बोट एका चिंचोक्यावर दोनदा पडते, तोंड पुढे पळते, आणि उत्तर आठ येते. त्याचे पाठांतर झालेले असते, पण एका वस्तूला एकच आकडा ही जोडणी झालेली नसते. यावर मला सापडलेला सर्वांत सोपा उपाय अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा आहे. प्रत्येक खळग्यात एकच चिंचोका ठेवायचा आणि ठेवताना आकडा म्हणायचा. खळगा रिकामा राहिला किंवा त्यात दोन चिंचोके गेले तर मुलालाच ते दिसते आणि आपल्याला “चुकले” म्हणावे लागत नाही. साहित्याने चूक दाखवावी, बाईंनी नव्हे, ही मॉन्टेसरी पद्धतीतली गोष्ट पुठ्ठ्याच्या ट्रेनेही साधते.

बुडणे आणि तरंगणे हा माझा सर्वांत आवडता खेळ आहे, त्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहिते. परातीऐवजी प्लॅस्टिकचा खोल, पारदर्शक डबा घ्यावा, म्हणजे बुडालेली वस्तू बाजूने दिसते. बटाटा, लिंबू, खडा, पिसे, लाकडी चमचा, नाणे आणि संत्रे असे सगळे जवळ ठेवावे. प्रत्येक वस्तू टाकण्याआधी मुलांना अंदाज सांगायला लावावा, कारण अंदाज न करता नुसते पाहिले तर तो फक्त जादूचा प्रयोग होतो. मोठे बुडते आणि लहान तरंगते, असे बहुतेक मुले सुरुवातीला म्हणतात. मग मोठा लाकडी चमचा तरंगतो, छोटे नाणे बुडते आणि गटात वाद सुरू होतो. तो वाद मिटवायला जाऊ नये. शेवटी संत्रे टाकावे, ते तरंगते. मग तेच संत्रे बाहेर काढून सोलून टाकावे, ते बुडते. हे का झाले, असे मी एकदा विचारले तेव्हा पाच वर्षांच्या एका मुलाने जराही विचार न करता सांगितले, “त्याच्या पाठीचा डबा काढला ना तुम्ही.” त्याचे वडील त्याला विहिरीत पोहायला शिकवत होते आणि रिकामा पत्र्याचा डबा त्याच्या पाठीला बांधत होते. सालीतल्या हवेविषयी मी घरून तयार करून आणलेले वाक्य मग बोललेच नाही.

याउलट काही ठिकाणी मुलाचे उत्तर चुकीचे असते आणि तरीही ते दुरुस्त करायचे नसते. दोन सारख्या पेल्यांतले सारखे पाणी घेऊन एक पेला उंच बाटलीत आणि दुसरा पसरट वाटीत ओतला, तर चार-पाच वर्षांचे मूल बाटलीत पाणी जास्त आहे असे ठामपणे सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिलेली ही गोष्ट कोणत्याही बालवाडीत पाच मिनिटांत पाहता येते. समजावून ते बदलत नाही. साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास, भरपूर ओतून झाल्यावर, ते आपोआप बदलते.

मातीकामासाठी शाडू उत्तम, पण तो पावसाळ्यात वाळत नाही. तेव्हा दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे वाटीभर पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा आणि झाकणाच्या डब्यात ठेवावा. दमट हवेत मिठाला पाणी सुटून गोळा चिकट होतो, तेव्हा थोडा मैदा आणखी मळावा. तो खाण्यासाठी नाही हे मुलांना रोज सांगावे लागते.

पालकांची तक्रार एकच असते: “वहीत काहीच लिहिलेले नाही.” त्यावर भाषण देऊ नये. आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाच-सहा पालकांना वर्गात बोलावून चिमट्याने चिंचोके उचलायला लावतो आणि मग पेन्सिल हातात देतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट दोन्ही कामांत तीच असतात, हे त्यांना स्वतःच्या हातावरून कळते. सगळेच ऐकतात असे नाही. मागच्या वर्षी दोन मुले याच कारणाने दुसऱ्या शाळेत गेली आणि त्यांचे पालक चुकले असे मी म्हणणार नाही, कारण पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी मुलाला लिहायला लावणाऱ्या शाळा त्यांनी पाहिलेल्या असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरली आहेत. ती गोष्ट पहिलीच्या वर्गापर्यंत पोहोचायला वेळ लागेल.

नोकरीसाठी मुलाखतीला जाताना एक सल्ला. नमुना पाठ मागितला तर गाणे आणि कठपुतळी घेऊन जाण्याऐवजी एक ताटली घेऊन जावे आणि एका मुलाला ती देऊन तीन मिनिटे गप्प बसून दाखवावे. निवड होईलच असे नाही, पण शाळा कशी आहे ते मात्र तुम्हाला कळेल.

जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत चारच ताटल्या मांडाव्यात. नव्या शिक्षिका उत्साहाने पंधरा मांडतात, मुले एकीवरून दुसरीवर उड्या मारतात आणि दहा वाजेपर्यंत राजमा, मणी आणि पाणी एक झालेले असते. नोंदवहीत रोज चारच मुलांविषयी एक-एक ओळ लिहावी, म्हणजे २८ मुलांचा वर्ग सात दिवसांत पूर्ण होतो. रोज सगळ्यांचे लिहीन असे ठरवले की आठवड्याभरात वही बंद पडते. शनिवारी मुले गेल्यावर मावशींबरोबर बसून सगळे साहित्य मोजून ठेवावे. पन्नास चिंचोक्यांपैकी सत्तेचाळीस भरतात, उरलेले तीन कुणाच्या तरी खिशात असतात, आणि त्यांतले एखाद-दोन सोमवारी परत येतात. म्हणून एक जास्तीची बरणी वरच्या फळीवर भरलेली असू द्यावी.