त्रिनिदादला चाललाय? मग घड्याळ बघून खा

मॅच बघायला म्हणा, कामाला म्हणा, ओळखीतलं कोणी त्रिनिदादच्या राजधानीला, पोर्ट ऑफ स्पेनला निघालं की मला फोन येतो की तिकडे खायचं काय आणि संध्याकाळी जायचं कुठे. दोन वर्षं राहिलेय मी तिथे आणि जीव आहे माझा त्या गावावर, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पहिलं म्हणजे हॉटेलातला ब्रेकफास्ट घेऊच नका. तिथलं खरं खाणं रस्त्याच्या कडेला उभं राहून खायचं असतं आणि प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आहे, वेळ चुकली की ती गोष्ट गेली.

सकाळ डबल्सची. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ लुसलुशीत तळलेल्या पुऱ्या, त्यांना बारा म्हणतात, आणि मध्ये काबुली चण्याची सरसरीत करी. वरून चिंचेची चटणी, काकडी, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं मसालेदार लोणचं, आणि शॅडो बेनी नावाचा लांब पानांचा पाला, वास कोथिंबिरीचाच पण दुप्पट उग्र. डबल्सवाल्याचे हात बघत राहावेत असे चालतात, एका हातावर कागद, त्यावर बारा, चमचाभर चणे, आणि कागदाची टोकं पिळून पुडी तयार, सगळं तुमचं "गुड मॉर्निंग" म्हणून होईपर्यंत. (गुड मॉर्निंग मात्र म्हणायचंच, न बोलता ऑर्डर देणं तिकडे उद्धटपणाचं समजतात.) तिखट किती ते तो विचारेल तेव्हा पहिल्या दिवशी "स्लाइट" एवढंच सांगा. आपण कोल्हापूरचे असलो तरी मोरुगा स्कॉर्पियन ही जगातल्या सगळ्यात जहाल मिरच्यांपैकी एक मिरची याच बेटावरची आहे हे लक्षात ठेवा. किती खाल्ले ते शेवटी आपणच सांगायचं आणि पैसे द्यायचे, त्यामुळे सुटे टीटी डॉलर (त्रिनिदाद-टोबॅगोचं चलन) जवळ हवेत. शहराबाहेर कुरेपच्या चौकात उत्तम मिळतात, आणि दक्षिणेला जाणार असाल तर डेबेला थांबाच, तिथे रस्त्याला लागून ओळीने स्टॉल आहेत, सहीना (आपल्या अळूवडीची लांबची बहीण), फुलौरी (डाळीच्या पिठाची भजी), बैगनी (वांग्याची भजी), आलू पाय (बटाटा भरलेली तळलेली पुरी), सगळं गरमागरम.

ही नावं ऐकून घरच्यासारखं वाटतं त्याचं कारण आहे. ३० मे १८४५ ला भारतातून मजूर घेऊन फतेल रझाक जहाज तिथे लागलं आणि त्यानंतर ऊसमळ्यांसाठी करारावर माणसं येत राहिली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. जिऱ्याला तिकडे गीरा म्हणतात, आणि फोडणी देण्याला चुंके. नाश्त्याला डबल्स नको असतील तर सादा रोटी आणि बैगन चोका घ्या, विस्तवावर भाजलेलं वांगं, लसूण, मिरची, वरून गरम तेल. भरीतच की हो! परदेशात पहिल्या आठवड्यात आईची आठवण आली की मी हेच खायचे.

दुपारी रोटी शॉप. इथे दोन नावं पाठ करा. धालपुरी म्हणजे पुरणपोळी करतो तशीच, पण आत वाटाण्याच्या डाळीचं गीरा घातलेलं कोरडं सारण, आणि ती करीभोवती गुंडाळून देतात. बस-अप-शट म्हणजे तव्यावरच कालथ्यांनी झोडपून मोकळा केलेला पराठा, फाटलेल्या शर्टासारखा दिसतो म्हणून ते नाव. शाकाहारी लोकांची इथे चंगळ आहे, चना-आलू, भोपळा, बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, भाजी म्हणजे तिकडे पालेभाजी, आणि कैरीची करी सगळ्यात भारी. मटण घेतलंत तर ते बोकडाचं आणि हाडांसकट असतं. सोबत लाल सोलो, म्हणजे तिथलं कोल्ड्रिंक, बाटलीतलं.

रविवारी माराकसचा समुद्र. डोंगरातून वळणावळणाचा रस्ता, वाटेत व्ह्यू पॉइंटला थांबून अननसाचा चाऊ खायचा (मीठ, लसूण, मिरची, शॅडो बेनी लावलेल्या फोडी), आणि किनाऱ्यावर बेक अँड शार्क, तळलेल्या फुगीर पावात मासा. मी शार्क खात नाही, त्या माशाची संख्या घटत चाललीय, म्हणून किंगफिश मागते आणि चवीत काही कमी पडत नाही. लाटा जोरदार असतात, लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरू नका.

संध्याकाळी क्वीन्स पार्क सवाना. मोठं मैदान, कडेने चालत एक चक्कर मारा, मग शहाळं आणि वाटीभर कॉर्न सूप. जवळच क्वीन्स पार्क ओव्हल आहे, १९७१ ला इथेच आपल्या गावसकरने पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७ केले, मडगावच्या सरदेसाईने ११२, आणि भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. वाडेकर कॅप्टन. मराठी माणसाने तिथे निदान पाच मिनिटं तरी उभं राहावंच.

रात्री बसून प्यायचं असेल तर वुडब्रुकची अरियापिता ॲव्हेन्यू, सगळे नुसतं "द ॲव्हेन्यू" म्हणतात. उशिरापर्यंत जागायचं असेल तर सेंट जेम्स. बिअर कॅरिब किंवा स्टॅग, चकण्याला कटर म्हणतात, पण गीरा पोर्क की गीरा चिकन ते आधी विचारून घ्या. दारू नको असेल तर एलएलबी (लेमन, लाइम अँड बिटर्स) मागा, लिंबू-सोड्यासारखं, त्यात तिथल्याच अंगोस्तुरा बिटर्सचे थेंब. पंचन रम मात्र नवख्याने घेऊ नये, ७५ टक्के अल्कोहोल असतं.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर बार सोडा, पॅनयार्डला म्हणजे स्टीलपॅन बँडच्या सरावाच्या आवारात जा. तेलाच्या पिंपांपासून बनवलेले स्टीलपॅन, शंभरेक वादक, कार्निव्हलच्या स्पर्धेची तालीम, फुकट ऐकायला मिळते. ड्यूक स्ट्रीटला ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटला रेनेगेड्स हे बँड. तेच चार सूर पुन्हा पुन्हा घोटतात आणि मग एकदम सगळं गाणं सुरू होतं तेव्हा छातीत धडधडतं. ताशाही आहे तिकडे, लग्नात आणि होसेला म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीत वाजतो, आपल्या मिरवणुकीची आठवण येईल.

आता काळजीचं. अंधार पडल्यावर डाउनटाउनमध्ये पायी फिरू नका, पॅनयार्डलाही ओळखीच्या टॅक्सीने जा आणि तीच परत बोलवा. अधूनमधून आणीबाणी लागू होते तिकडे, निघण्याआधी बातम्या बघा. दिवसा मॅक्सी टॅक्सी म्हणजे शेअर मिनीबस मस्त, लाल पट्ट्याची पूर्वेकडे, हिरव्या पट्ट्याची दक्षिणेला सॅन फर्नांडोकडे. आणि निघायच्या किमान १० दिवस आधी यलो फीव्हरची लस घेऊन ते कार्ड पासपोर्टातच ठेवा, कारण परत येताना मुंबईच्या विमानतळावर ते मागतात, नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवून ठेवू शकतात.