क्यू हातात आला की काय करायचं: इंग्रजी शब्द शोधायची माझी रीत

मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात मी २६ वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कुस्तीच्या मैदानाची हँडबिलं. इंग्रजी काम आलं की तेही माझ्याकडेच यायचं. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, सगळ्यांत मोठं घर 'ई'चं, आणि क्यू, झेडची घरं एवढुशी. वर्षभरात हात न बघता 'ई'वर जातो. पुढं नातीनं स्क्रॅबल शिकवलं, म्हणजे पिशवीतून सात-सात अक्षरांचे ठोकळे घेऊन पटावर इंग्रजी शब्द लावायचा खेळ, तेव्हा पहिल्यांदा पिशवीतले ठोकळे मोजले. १०० पैकी १२ ठोकळे 'ई'चे, ए आणि आय नऊ-नऊ. जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. माझी जुनीच केस! हा खेळ ज्यांनी १९३० च्या दशकात काढला त्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून हे आकडे ठरवले होते, हे कळल्यावर तर खेळाशी माझं नातंच जुळलं.

सात ठोकळ्यांकडे एकटक बघून शब्द सुचत नाही. अक्षराचा शेजार बघायचा. कोणतं अक्षर कुणाच्या मांडीला मांडी लावून बसतं, कुठं बसतं, हे माहीत असलं की शोध निम्मा होतो. एक्स बहुतेक शेवटी किंवा मध्ये येतो: बॉक्स, फिक्स, टॅक्सी. व्ही शब्दाच्या शेवटी क्वचितच सापडतो, त्याच्या मागं 'ई' उभा असतो: गिव्ह, लव्ह. एच आला की आधी सी, एस, टी, पी जवळ आहेत का ते बघा.

एक डाव दाखवतो. नातीकडे ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी अक्षरं आली होती. पाच मिनिटं झाली तरी पोरीला चार अक्षरांच्या पुढं काही दिसेना. मी म्हटलं, "बाळ, ई आणि आर उचल आणि उजवीकडं सरकव. आता उरलेली पाच हलव." तिनं 'स्टेन' केलं, एस-टी-ए-आय-एन, ई-आर जोडून 'स्टेनर'. मग म्हटलं, "आता तेच दोन उलट करून पुढं लाव." आर-ई पुढं, मागं टी-ए-आय-एन-एस. "आबा, रिटेन्स!" सातही ठोकळे एकदम गेले, त्याचे वरचे ५० गुण मिळाले. त्याच सात अक्षरांत 'नॅस्टिअर' आहे, 'रेटिनाज'ही आहे. म्हणून ई-आर, ई-डी, आय-एन-जी मागं आणि आर-ई, यू-एन पुढं लावून बघायची सवय आधी करा. अक्षरं एका ओळीत ठेवू नका, गोल मांडा. ओळीत डोळा नेहमी डावीकडून वाचत सुटतो.

क्यूचं दुखणं वेगळं. त्याला बहुतेक वेळा यू लागतो आणि यूचे ठोकळे चारच. गेल्या दिवाळीत डाव संपला तेव्हा क्यू माझ्याच हातात राहिला. क्यूचे १० गुण माझे वजा झाले, वर तेवढेच १० नातीला मिळाले, आणि हातातला डाव गेला. फार लागलं ते. त्या रात्री यूशिवायचे शब्द वहीत उतरवून काढले. सगळ्यांत कामाचा क्यू-आय, म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. दोनच अक्षरं, कुठंही घुसतात. क्यू-ए-टी आहे. एफ-ए-क्यू-आय-आर तर आपला फकीर! आपल्याकडचे शब्द इंग्रजी कोशात बरेच आहेत, ते वापरा. लाख म्हणजे एल-ए-के-एच, त्यात 'के'चे पाच गुण. घी, रोटी, साडी हेही चालतात. मुंगसाला इंग्रजीत जे 'मंगूस' म्हणतात ते तर मराठीतूनच गेलंय.

मात्र खेळायच्या आधी कोश कोणता धरायचा ते ठरवा. चालणाऱ्या शब्दांची अमेरिकेची यादी वेगळी, कॉलिन्स या इंग्रजी कोशाची वेगळी. डावाच्या मध्ये भांडण नको.

डाव झाल्यावर फोनवर शोधा, डाव चालू असताना नाही. काही इंग्रजी शब्दकोशांच्या साइटवर नमुना टाकून शोधता येतं. माहीत नसलेल्या एका अक्षराला एक प्रश्नचिन्ह (?), कितीही अक्षरांना एक चांदणी (*). पाच अक्षरी शब्दात मधोमध एक्स हवा असेल तर दोन प्रश्नचिन्हं, एक्स, परत दोन प्रश्नचिन्हं टाका. टॉक्सिक, पिक्सेल, बॉक्सर समोर येतात. पाच अक्षरी शब्द ओळखायचा फोनवरचा खेळ, वर्डल, त्याला रोजचा सराव म्हणून हे बरं पडतं.

अक्षरं तीच आणि शब्द वेगळे, असे शब्द लक्षात ठेवायला अक्षरं वर्णक्रमानं लिहा. ई, आय, एल, एन, एस, टी एवढं लिहिलं की त्याखाली लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सल चौघं एका घरात येतात. माझी वही अशीच आहे: डावीकडं सहा अक्षरं, उजवीकडं त्यांची बिऱ्हाडं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की नात एक पान झाकून मला विचारते, मी एक झाकून तिला. या रविवारी 'जे'चं पान आहे.